‘ओब्रिगादो’ म्हणजे बांधलेला

पोर्तुगीजमधला पहिला शब्द मी शिकलो तो ‘ओब्रिगादो’. म्हणजे थँक्यू. साओ पावलोला उतरण्याआधी विमानातच मोबाइलवर पाठ केला होता. मराठवाड्यातल्या ऊस पिकवणाऱ्या गावातून निघून उसावरच्याच संशोधनासाठी ब्राझीलमधल्या कांपिनास शहरात दोन वर्षं राहायचं होतं. ज्याला भाषा येत नाही त्याला दिवसातून पन्नास वेळा कुणाची ना कुणाची मदत लागते. म्हणून आधी आभार मानायला शिकू, बाकीचं व्याकरण मागाहून बघू, असा माझा हिशोब.

शब्द सगळीकडे चालला. बसच्या ड्रायव्हरला, बेकरीवाल्याला, रस्ता दाखवणाऱ्या पोराला. फक्त एक गोष्ट विचित्र वाटायची. पुरुषानं म्हणायचं ‘ओब्रिगादो’ आणि बाईनं ‘ओब्रिगादा’. समोर कोण आहे याच्याशी संबंध नाही, बोलणारा कोण आहे यावर ठरतं. थँक्यूला कसलं आलंय लिंग?

याचं उत्तर मला वरच्या मजल्यावरच्या शेजारणीनं दिलं. त्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या. तिकडे वयानं मोठ्या बाईच्या नावाआधी ‘दोना’ लावतात, आपण नावापुढे ‘बाई’ लावतो तसं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, नुसतं दोना म्हणतो. दोना म्हणाल्या, “अरे, तो शब्द समोरच्याबद्दल नाहीच. तो तुझ्याबद्दल आहे. तू सांगतोयस की मी बांधला गेलोय.”

लॅटिनमध्ये ‘लिगारे’ म्हणजे बांधणं. त्यावरून ‘ओब्लिगारे’, आणि त्यावरून पोर्तुगीज ‘ओब्रिगार’, म्हणजे बांधून घेणं, भाग पाडणं. ‘ओब्रिगादो’ म्हणजे बांधलेला. पूर्वी पत्राच्या शेवटी सहीच्या वर लिहायची रीत होती : आपला आदर करणारा आणि आपल्याला बांधलेला, अमुक अमुक. पुढे त्यातलं बाकी सगळं गळून गेलं आणि बोलण्यात एकटा ‘बांधलेला’ उरला. आज बेकरीत सुट्टे पैसे परत घेताना माणूस जे पुटपुटतो तो त्या जुन्या वाक्याचा शेवटचा तुकडा आहे.

(मध्येच एक खुलासा. जपानी ‘अरिगातो’ हा शब्द ‘ओब्रिगादो’वरून आला असं सांगणारी रील तुम्ही पाहिली असेल. तसं नाही. पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ मध्ये. ‘अरिगातो’चं मूळ रूप त्याच्या पाचएकशे वर्षं आधी, सेई शोनागोन या जपानी लेखिकेच्या ‘पिलो बुक’मध्येही सापडतं. त्याचा अर्थ ‘दुर्मीळ’. जपानी माणूस म्हणतो, असं क्वचितच घडतं. पोर्तुगीज माणूस म्हणतो, मी अडकलो.)

आपल्याकडे यासाठी अगदी नेमका शब्द आहे : मिंधा. आभारी, ऋणी हे सभेतले शब्द. मिंधा हा घरातला. आमच्या घरात तो फार वेळा ऐकला आहे. त्याबद्दल पुढे.

पहिल्याच उन्हाळ्यात मला डेंग्यू झाला. आठ दिवस अंथरुणातून उठवत नव्हतं. दोना रोज दुपारी जिना उतरून यायच्या आणि ‘कांझा’ भरलेलं भांडं ठेवून जायच्या. कांझा म्हणजे कोंबडीच्या रश्शात शिजवलेला पातळसर भात. ब्राझीलमध्ये आजारी माणसाला हटकून हेच देतात. नाव ऐकून ओळखीचं वाटलं ना? ती आपल्या दक्षिणेतली कांजी. मल्याळम किनाऱ्यावरून पोर्तुगीजांनी शब्द उचलला आणि जहाजातून अर्ध्या जगापलीकडे नेला. मी तापात पडल्या पडल्या कांजी पीत होतो आणि रोज म्हणत होतो, ‘मुइंतो ओब्रिगादो’, फार फार बांधला गेलोय. त्या रोज एकच म्हणायच्या, “इमाजिना.” शब्दशः अर्थ, कल्पना कर. म्हणजे, छे, हे काय बोलतोस, याचा विचारसुद्धा नको.

बरा झालो तसा मी मॉलमध्ये जाऊन एक महागडी भेट घेतली, चांगल्या कागदात बांधून वर नेऊन दिली. दोनांनी ती घेतली, पण चेहरा पडला. म्हणाल्या, “हे काय? हिशोब चुकता करायला आलास?”

मी ओशाळलो. त्यांनी कॉफी ठेवली. त्या दुपारी त्यांनी मला जे सांगितलं, आणि नंतर मी वाचत गेलो, तेच मी इथे लिहितो आहे.

पोर्तुगीज राजवटीचा मोठा गाडा कृपेवर चालायचा. कृपेला शब्द होता ‘मेर्से’. प्रजेनं सेवा करायची, राजानं मेर्से द्यायची : जमीन, हुद्दा, पेन्शन, पदवी. ती मिळाली की माणूस राजाला आणखी बांधला जायचा आणि आणखी सेवा करायचा. गोव्यात आणि पूर्वेकडच्या ठाण्यांवर लढलेले सैनिक आपल्या सेवेची यादी करून लिस्बनला अर्ज धाडायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायचे. अशा मेर्सेंच्या नोंदवह्या लिस्बनच्या तोरे दो तोंबो या अभिलेखागारात आजही आहेत. पोर्तुगालचा सगळ्यात मोठा कवी लुईस द कामोंइश बरीच वर्षं आपल्या पूर्व भागात काढून परतला. १५७२ मध्ये त्याचं महाकाव्य छापलं गेलं आणि राजानं त्याला वर्षाला १५ हजार रेइश मंजूर केले. त्या हुकमातही त्याच्या हिंदुस्थानातल्या सेवेचा उल्लेख आहे.

ही मेर्से भाषेत इतकी मुरली की समोरच्या माणसाला हाकही तिच्याच नावानं मारायची. ‘व्होसा मेर्से’, आपली कृपा. लोकांच्या तोंडात त्याचं झालं ‘व्होस्मेसे’ आणि मग ‘व्होसे’. आज ब्राझीलमध्ये ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणायला हाच रोजचा शब्द आहे. चॅटमध्ये तर नुसतं ‘व्हीसी’ लिहितात. दोन अक्षरांत एका राज्याचा कारभार.

इथवर ऐकताना मजा वाटली. पुढचं मात्र दोनांनी आवाज न बदलता सांगितलं.

सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. दुसऱ्या कुठल्याही एका देशात इतकी नेली गेली नाहीत. त्यांची विक्री ‘लेइलांव’मध्ये व्हायची. आपला ‘लिलाव’ तो हाच शब्द. कांपिनासच्या आसपासचा मुलूख आधी उसाचा, मग कॉफीचा, आणि दोन्ही पिकं गुलामांच्या हातांनी उभी राहिलेली. काही गुलामांना मालक मुक्त करायचे. तसं पत्र लिहून द्यायचे. त्याला ‘आल्फोरिया’ म्हणत. पत्रात कारण लिहिलेलं असे : चांगल्या सेवेबद्दल. पुष्कळ पत्रांत अटही असे : मी मरेपर्यंत माझी सेवा करायची, मग तू मोकळा.

पण बिनशर्त मोकळा झालेला माणूसही पुरता मोकळा नव्हता. १६०३ मध्ये पोर्तुगालनं कायद्याची एक मोठी संहिता लागू केली. राजा फिलिपच्या नावानं ती ओळखली जाते. ब्राझील १८२२ मध्ये स्वतंत्र झाला तरी तिचा बराचसा भाग तिथे लागूच राहिला. तिच्या चौथ्या खंडाचं ६३वं प्रकरण आहे दिलेलं दान आणि दिलेली मुक्ती परत घेण्याबद्दल. परत घेण्याचं कारण काय? कृतघ्नता. मुक्त झालेला माणूस जुन्या मालकाशी कृतघ्नपणे वागला, तर मालकाला त्याची मुक्ती रद्द करता येत होती. नुसत्या बोलण्यातली कृतघ्नताही चालायची. मालकाच्या पाठीमागे बोललेलंही चालायचं.

मी ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणजे आभार मानले नाहीत तर पुन्हा गुलाम?

“कायद्यात तसं होतं,” दोना म्हणाल्या. “प्रत्येक वेळी कोर्टापर्यंत जावं लागत नसे. ते होतं एवढं पुरेसं होतं.”

विचार करून बघा. तुमच्या हातात कागद आहे, त्यावर लिहिलंय की तुम्ही स्वतंत्र आहात. आणि तो देणारा माणूस रोज रस्त्यात भेटतो. त्याला वाकून नमस्कार करायचा की नाही, हा तुमच्यापुढे शिष्टाचाराचा प्रश्न उरतच नाही. अशा माणसाच्या तोंडून येणारा ‘बांधलेला’ हा शब्द किती शब्दशः असेल!

हे कलम गेलं २८ सप्टेंबर १८७१ ला. त्या दिवशीचा कायदा ‘मुक्त गर्भाचा कायदा’ म्हणून प्रसिद्ध आहे, कारण त्यानंतर गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मणारं मूल कायद्यानं मुक्त ठरलं. निदान कागदावर, कारण ते मूल २१ वर्षांचं होईपर्यंत त्याच्याकडून काम करून घ्यायची वाट मालकाला ठेवलेली होती. त्याच कायद्यात एका पोटकलमात लिहिलं आहे की कृतघ्नतेच्या कारणानं मुक्ती रद्द करण्याची तरतूद संपली. पुढे १३ मे १८८८ ला राजकन्या इझाबेलनं गुलामगिरीच संपवणाऱ्या कायद्यावर सही केली.

म्हणून आभार संपले का? उलट. आता एका मालकाच्या जागी राजकन्येचे आभार मानायचे होते. तिला ‘तारणहार’ म्हणू लागले. त्याच वर्षी रिओत ‘ग्वार्दा नेग्रा’ म्हणजे काळी पलटण नावाची संघटना उभी राहिली. तिच्यात मुक्त झालेली काळी माणसं होती आणि राजकन्येचं रक्षण करणं हे तिचं काम. त्यांचं ऋण खरं होतं, भावनाही खोटी नसावी. पण पळून जाणारे, बंड करणारे, कोर्टात भांडणारे, पै-पै साठवून स्वतःला विकत घेणारे गुलाम त्या कहाणीतून बाजूला पडले. स्वातंत्र्य ही मिळालेली भेट ठरली, आणि भेट म्हटली की आभार आलेच.

ही कहाणी उलटवायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९७१ मध्ये पोर्तो आलेग्री शहरातल्या काळ्या कार्यकर्त्यांच्या एका गटानं सांगितलं की आमचा दिवस १३ मे नाही, २० नोव्हेंबर. १६९५ मध्ये त्या तारखेला झुंबी मारला गेला. पळून गेलेल्या गुलामांनी डोंगरात वसवलेल्या पाल्मारेस या वस्त्यांचा तो नेता. त्याला कुणी मुक्ती दिलेली नव्हती, म्हणून कुणाचे आभारही मानायचे नव्हते. २०२४ पासून २० नोव्हेंबरला सगळ्या ब्राझीलमध्ये सुट्टी असते.

मालक आणि गुलाम यांच्या मध्ये तिसराही एक वर्ग होता. गरीब, पण गुलाम नसलेला. त्याच्याकडे जमीन नाही, पगारी नोकरी क्वचित. तो कुणातरी श्रीमंताच्या घराला चिकटून राहायचा. त्याला ‘आग्रेगादो’ म्हणायचे, जोडलेला. राहायला खोली, जेवायला ताट, आणि त्या बदल्यात पडेल ते काम आणि अखंड होकार. माशादो द आसिस या लेखकाच्या ‘दोम कास्मुर्रो’ कादंबरीत असा एक माणूस आहे, जोझे दियास. आधी डॉक्टर असल्याची थाप मारून घरात शिरतो आणि मग कायमचा राहतो. त्याची लकब अशी की साधं विशेषण त्याला चालतच नाही, सगळं ‘अत्यंत’ आणि ‘परम’. वाचताना हसू येतं. मग लक्षात येतं की ज्याचं ताट दुसऱ्याच्या मर्जीवर आहे त्याला साधं बोलणं परवडत नाही. रोबेर्तो श्वार्त्स या समीक्षकानं १९७७ च्या आपल्या पुस्तकात म्हटलं की एकोणिसाव्या शतकातल्या ब्राझीलमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यवहार मेहेरबानीच्या वाटेनं जायचा. हक्क म्हणून मिळायला हवं तेही कृपा म्हणून मिळायचं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण जोझे दियास मी पाहिला होता. आमच्याच घरात.

माझे आजोबा गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते. नंतर काही वर्षं बाबाही. त्यांना सगळं गाव ‘मालक’ म्हणतं. आत्याच्या लग्नाला मालकांनी उचल दिली. राहायला वाड्यामागची जागा दिली. मी बारावी झालो तेव्हा कॉलेजची पहिल्या वर्षाची फी मालकांनी भरली. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल! दर दिवाळीला आम्ही सगळे वाड्यावर पाया पडायला जायचो आणि मालक चार पाहुण्यांसमोर सांगायचे, याची फी आपण भरली. निवडणुकीला ते सांगतील तिथे बटण. मी एकदा कुरकुर केली तर बाबा म्हणाले, “आपण मिंधे आहोत त्यांचे. खाल्ल्या मिठाला जागावं.”

दोनांना मी हे सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांची पणजी इथल्याच एका कॉफीच्या मळ्यात जन्मली होती, गुलाम म्हणून. तिच्या मुलीला, म्हणजे दोनांच्या आजीला, ‘उपकार’ हा शब्द घरात उच्चारलेला खपत नसे. कुणी काही दिलं तर ती एवढंच म्हणायची, ‘देउस ल्ये पागे’. देव तुम्हाला याचे पैसे देवो.

मी हसलो, कारण ‘पागे’ हे ‘पगार’चंच रूप. पोर्तुगीज ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणं. मराठीत तो महिन्याच्या महिन्याला येणारा पगार झाला. देव तुम्हाला पगार देवो! गोव्यात कोकणीतही आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात, आणि पोर्तुगालच्या बेइरा भागात जुनी माणसं ‘बें आजा’ म्हणतात, तुमचं भलं होवो. या सगळ्यांत एक शहाणपण आहे. माझ्याकडे द्यायला काही नाही, तुमचं बिल मी वरच्या ऑफिसला पाठवलंय, आपल्या दोघांत आता बाकी काही नाही. आजी मोकळी. अर्थात ते उपरोधानंही म्हणता येतं. १९७१ मध्ये, लष्करी राजवट ऐन भरात असताना, शिकू बुआर्केनं याच नावाचं एक गाणं केलं. ज्यांनी श्वास घ्यायची परवानगी दिली त्या सत्ताधाऱ्यांचे ‘आभार’ मानणारं.

आणि मग आहे ‘वालेउ’.

दोनांचा नातू सतरा वर्षांचा. तो ‘ओब्रिगादो’ फारसा म्हणतच नाही. म्हटलाच तर घाईत ‘ब्रिगादु’. मी त्याची सायकल दुरुस्त करून दिली, तो म्हणाला, “वालेउ!” गणिताचं एक उदाहरण सोडवून दिलं, मोबाइलवर आलं ‘व्ही-एल-डब्ल्यू’. ‘वालेर’ म्हणजे किंमत असणं, मोल असणं. ‘वालेउ’ म्हणजे मोल झालं, कामी आलं. यात ‘मी’ नाही. बांधलेला कुणी नाही, बांधणारा कुणी नाही. मुलगा म्हणो की मुलगी, शब्द बदलत नाही. घडलेल्या गोष्टीला फक्त दाद द्यायची. त्यावर उत्तर येतं ‘तामो जुंतो’, आपण बरोबर आहोत. मोबाइलवर ‘टी-एम-जे’.

छोट्या मदतीलाही त्यांच्याकडे छान शब्द आहे : ‘केब्रार उं गाल्यो’, फांदी मोडणं. “माझी एवढी फांदी मोडशील का?” म्हणजे अडलंय, जरा निभावून ने. फांदी मोडायला असा कितीसा वेळ लागतो! त्यातून फार तर ‘ते देव्हो उमा’ निघतं, तुझं एक देणं लागतो. एक. मोजता येणारं, पुढच्या शनिवारी फिटणारं.

कायद्याचं कलम गेलं म्हणून ‘वालेउ’ आला, असं मी म्हणत नाही. शब्द इतके सरळ चालत नाहीत. पण पोरं हल्ली नीट आभारही मानत नाहीत अशी तक्रार तिथली म्हातारी माणसं करतात, तेव्हा मला त्या ६३व्या प्रकरणाची आठवण होते. ज्या देशात एकेकाळी नीट आभार न मानणं हा स्वातंत्र्य गमावण्याचा गुन्हा होता, तिथे एक काळा मुलगा सायकलवर टांग मारत अंगठा दाखवून ‘वालेउ’ म्हणतो आणि वळूनही न बघता निघून जातो. मला त्यात उद्धटपणा दिसत नाही.

आणि दोनांचा चेहरा का पडला होता, तेही मग कळलं. मी ज्या बाजारात वाढलो तिथे उपकार म्हणजे दोरी. दोरी दिसली की ती लवकरात लवकर तोडायची, नाहीतर जन्मभर ओढली जाते. दोनांनी मात्र दुसरं टोक हातात धरलंच नव्हतं. नुसती पेज दिली होती.

निघायच्या दिवशी मी त्यांना मिठी मारली. ‘मुइंतो ओब्रिगादो’ ओठांवर आलं होतं, ते गिळलं आणि म्हणालो, “वालेउ, दोना.” त्या खळखळून हसल्या. “तामो जुंतो, पोरा.”

त्या वर्षीच्या दिवाळीत बाबांबरोबर वाड्यावर गेलो. मालक आता थकलेत. मी वाकलो, वयाला मान म्हणून. त्यांनी नेहमीप्रमाणे बसलेल्यांना सांगितलं, “याची फी आपण भरली. आठवण आहे ना रे?”

“आहे ना,” मी म्हणालो. “आणि आजोबा, बाबा तुमच्या शेतात राबले तेही आठवतं.”

एवढंच. आवाज चढवला नाही. मालक क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी फराळाचं ताट पुढे सरकवलं. बाबा खाली बघत होते. मला वाटलं, आता घरी बोलणी बसणार.

परत येताना अर्धा रस्ता बाबा काही बोलले नाहीत. पाराजवळ थांबून त्यांनी चप्पल झटकली.

“ती फी,” ते म्हणाले, “माझ्या त्या वर्षीच्या सालातून वळती केली होती त्यांनी.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर गाव म्हणालं असतं, उपकार विसरला.”